जोडघाटाच्या फाटकापाशी

“तुम्ही आत्ता कुठं आहात?” हेमानं बाहेरच्या खोलीतून विचारलं.

“चिंचेच्या पाराजवळ,” मी आतल्या खोलीतून म्हणालो.

“मीही चिंचेच्या पाराजवळच उभी आहे. विहिरीच्या बाजूला.”

“मीही विहिरीच्या बाजूलाच आहे.”

“मग मला दिसत का नाही?”

“हेमा, का दिसत नाही ते तुला माहीत आहे.”

“माहीत आहे. पण रोज एकदा विचारायचं ठरवलंय मी. गोळी घेतल्यासारखं.”

ती रोज विचारायची आणि मी रोज चिडायचो. चिडलो की काही बोलायचो नाही. त्यामुळे मी चिडलोय हेही तिला कळत नसावं, असं मला वाटायचं.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. त्या जानेवारीत हेमाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दोन महिने तिला घरातच बसावं लागलं. ती टपाल खात्यातून निवृत्त झालेली. सदतीस वर्षं खिडकीपलीकडच्या माणसांशी बोलण्यात गेलेली. घरात बसून ती कोमेजायला लागली, तेव्हा तिची जुनी सहकारी नसीमा मुजावर हिनं तिच्या लॅपटॉपवर एक खेळ घालून दिला. त्याचं नाव ‘नऊ घाट’. आपण एक प्रवासी व्हायचं, गावोगाव हिंडायचं, लोकांची कामं करायची, वाटेत लुटारू आले तर लढायचं आणि एकेक घाट ओलांडत पुढे जायचं. हेमानं आग्रह करून माझ्याही संगणकावर तो घालायला लावला. “दोघं मिळून खेळू,” ती म्हणाली होती.

खेळ सुरू होताना एक प्रश्न येतो. प्रवास एकट्यानं की संगतीनं? गावं तीच, रस्ते तेच, चिंच आणि विहीरही तीच. पण ‘संगतीनं’ म्हटलं की त्या रस्त्यांवर तुमच्यासारखी खरी माणसं भेटतात, बोलतात, हाका मारतात. ‘एकट्यानं’ म्हटलं की सगळं जग तुमचं, त्यात दुसरं खरं माणूस नाही. हेमानं अर्थातच संगत निवडली. “झालं का तुमचं?” असं तिनं बाहेरून विचारलं, तोवर मी ‘एकट्यानं’वर बोट दाबून मोकळा झालो होतो.

मी मुद्रितशोधक होतो. शालेय पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात एकतीस वर्षं कच्ची मुद्रितं तपासली. टेबल भिंतीकडे तोंड करून असायचं आणि त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही. या खेळात मला एक गोष्ट फार आवडली. प्रत्येक गावात, कुठल्या मठात नाहीतर चावडीत, दोन-तीन पानांची पुस्तकं ठेवलेली असतात. कुणी ती वाचत नाही. मी वाचायचो आणि जमवायचो. तिसऱ्या घाटाच्या माथ्यावर मी एक दगडी घर घेतलं होतं आणि त्यात एकशे त्रेसष्ट पुस्तकं लावून ठेवली होती.

इकडे हेमानं टपालातल्या माणसांची टोळी जमवली. टोळीचं नाव ‘लाल पेटी’. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत लॅपटॉपमधून त्यांचे आवाज यायचे, हसणं यायचं. आपल्या राजारामपुरीतल्या घरांच्या भिंती काही जाड नसतात. मी दार लोटून घ्यायचो.

तर त्या शुक्रवारी, चिंचेच्या पाराचं बोलणं झाल्यावर, आम्ही जेवायला बसलो. हेमानं भाकरी वाढली आणि म्हणाली, “कुमुदताईचा फोन होता.”

कुमुदताई म्हणजे तिची थोरली बहीण. बेळगावला असते.

“काय म्हणते?”

“वरचा मजला रिकामा झालाय तिचा. ये म्हणते राहायला.”

“किती दिवस?”

“दिवस नाही. राहायला.”

मी घास हातात धरून बसलो. मग जो प्रश्न विचारू नये तो विचारला.

“इथं काय कमी आहे?”

“बोलणारं माणूस,” हेमा म्हणाली. “काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तुम्ही माझ्याशी एकोणीस शब्द बोललात. मोजले मी. त्यातले पाच ‘हं’.”

“‘हं’ धरलेस होय त्यात?”

“तुमच्या बाजूनं मोजायचं म्हणून धरले.”

ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. आमटीत मीठ बरोबर पडलंय का, हे विचारावं अशा आवाजात ती बोलत होती.

“रविवारी संध्याकाळी मी ताईला उत्तर देणार आहे,” ती म्हणाली. “आणि रविवारी पाच वाजता जोडघाटाचं फाटक उघडतं. आठवड्यातून एक तास. दोन-दोनच्या जोडीनं चढायचा घाट आहे, म्हणजे चार माणसं लागतात. टपालाच्या दवाखान्यातले पेठे डॉक्टर चौथे होते, ते गेल्यापासून आम्ही तिघंच आहोत. मी, नसीमा आणि चौगुले. दोन महिने अडकलोय. तुम्ही या.”

“मी कसा येणार? माझा प्रवासी एकट्याचा आहे.”

“संगतीत आणता येतो. एकदाच येतो, मग परत जाता येत नाही. नसीमानं विचारून ठेवलंय.”

“म्हणजे तिकडचं घर जाणार माझं. पुस्तकं जाणार.”

हेमानं माझ्याकडे बघितलं. “हो. पुस्तकं जाणार.”

“नवा प्रवासी काढून येतो मग.”

“नव्याला जोडघाटात घेत नाहीत. चाळीसच्या वरची पायरी लागते. खेळून खेळूनच चढते ती.”

“आणि नाहीच आलो तर?”

“तर ताईला हो म्हणून सांगेन.” तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं. “खेळासाठी नव्हे हो. इतका वेडेपणा नाही आला मला. मी बोलावल्यावर तुम्ही कुठं तरी येता का, एवढं एकदा बघायचंय.”

शनिवारी सकाळी दहा वाजता चौगुले आले. बळवंत चौगुले, निवृत्त पोस्टमन. बोलतात ते गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं. सोबत भडंगाची पिशवी. मला काही ते येणार हे सांगितलेलं नव्हतं. मला सांगून कुणी आलं असतं तर मी कदाचित वाचनालयात गेलो असतो, हे हेमाला ठाऊक होतं.

“सर, मॅडम म्हणाल्या सरांना जरा दावा म्हणून. करा चालू संगणक.”

“नको. तोंडीच सांगा.”

“ओ तोंडी काय सांगायचं? चालू करा की. तुमचा गडी कसा हाय त्यो तरी बघू दे.”

“तोंडीच सांगा,” मी म्हणालो आणि संगणकासमोर खुर्ची आडवी घेऊन बसलो.

हेमा दारात उभी राहून बघत होती.

“बरं, तोंडी तर तोंडी,” चौगुले म्हणाले. “लई सोपं हाय. ‘संगतीनं’ दाबायचं. मग त्यो एक करार दावतोय. खाली ‘मान्य’ असतंय, ते दाबायचं. झालं. थेट फाटकात.”

“करार किती पानांचा आहे?”

“कुणाला ठाऊक! वाचतंय कोण त्यो?”

“तुम्ही न वाचता मान्य केलंत?”

“सर, चौतीस वर्षं टपाल वाटलं. दुसऱ्याचं एक पत्र उघडून वाचलं न्हाई. सवयच न्हाई आपल्याला.”

हेमा हसली. गेल्या आठ दिवसांत ती घरात अशी हसली नव्हती. मला दोघांचाही राग आला. आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत बसून, भडंग खात दुसऱ्याच्या विनोदाला मिळालेली दाद बघायची म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच कळतं. चौगुल्यांनी अर्धा तास घेतला. डावीकडे कसं वळायचं, ढाल कधी धरायची, नसीमाताई ओरडल्या तर घाबरायचं नाही, सगळं सांगितलं. मी मान डोलावत राहिलो.

निघताना पायरीवर त्यांनी आवाज खाली आणला. म्हणजे फक्त शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल इतका.

“सर, एक बोलू का? मॅडम तिकडं गेल्या तर आमची टोळी मोडती हो. आमचं जाऊ दे. पर तुमचं काय? तेवढं या उद्या.”

“बघतो,” मी म्हणालो.

“बघू नका. या.”

रविवारी मी साडेतीनलाच बसलो. ‘संगतीनं’ दाबलं. करार समोर आला. पडद्यावर वाचून मला चुका दिसत नाहीत, ही माझी जुनी खोड. म्हणून तो छापायला घातला. एकसष्ट पानं निघाली. प्रिंटर घरघरायला लागल्यावर हेमा बाहेरून म्हणाली, “काय छापताय?”

“करार.”

मग ती म्हणाली, “अहो, सहाला फाटक बंद होतं.”

“मी पाचच्या आत संपवतो.”

मी पेन्सिल घेतली. करार वाईट होता, हे मी आजही सांगेन. एकच कलम दोनदा आलेलं. चौदाव्या कलमात ‘परिशिष्ट तीन पाहावे’ असं लिहिलेलं आणि शेवटी बघावं तर परिशिष्ट एक, दोन आणि चार. तीन नाहीच. जे मला दाखवलं नाही त्याला मी मान्य कसं म्हणायचं? मी कंपनीला पत्र लिहिलं. ‘महोदय, आपल्या करारात परिशिष्ट तीन आढळले नाही, कृपया त्वरित पाठवावे.’ लगेच उत्तर आलं की आपल्या पत्राची दखल तीन कार्यालयीन दिवसांत घेतली जाईल.

पाच वाजले.

“फाटक उघडलं ओ!” लॅपटॉपमधून चौगुल्यांचा आवाज आला.

“आलात का?” हेमानं मला विचारलं.

“आलोच.”

पाच वाजून दहा मिनिटं. “आलात का?”

“शेवटची पानं आहेत.”

“ह्यांची शेवटची पानं राहिलीत,” हेमानं त्यांना सांगितलं.

“कसली पानं?” नसीमाताई म्हणाल्या.

“कराराची.”

“या अल्ला,” नसीमाताई म्हणाल्या.

साडेपाचच्या आसपास नसीमाताईंचा आवाज पुन्हा आला. “हेमाताई, इथं सोलापूरचा एक माणूस उभा आहे. चौथा म्हणून येऊ का विचारतोय. बावन्नाव्या पायरीवरचा आहे. घेऊ या का?”

“नको. हे येतायत.”

हेमा चहा घेऊन आत आली. लंगडत. कप टेबलावर ठेवला. क्षणभर माझ्या खांद्यामागे उभी राहिली. मी पेन्सिल कागदावर टेकवून होतो, वर बघितलं नाही. ती गेली.

“काय म्हणतात सर?” चौगुल्यांनी विचारलं.

“येतायत. थोडंच राहिलंय.”

पावणेसहा. दहा कमी. चहावर साय धरली.

“मॅडम, त्या सोलापूरवाल्याला घेऊ या हो. त्यो बी जायला निघालाय. धा मिनिटं राहिली.”

“नाही म्हणजे नाही, चौगुले. जागा ह्यांची आहे.”

हे सगळं मी ऐकत होतो. लोटलेल्या दारातून एकेक शब्द येत होता. माझं बोट आणि ते ‘मान्य’ यांच्यात एक वीत अंतर होतं. मी पान उलटलं.

“गेलं,” चौगुले म्हणाले. “मिटलं फाटक.”

मग हेमा उठल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळानं तिचं बोलणं. “कुमुदताई, मी हेमा. हो. हो, ठरलं. बुधवारच्या गाडीनं निघते.”

तेव्हा मी ‘मान्य’ दाबलं.

पडद्यावर ओळ आली की आपले घर व संग्रह मागे राहिला आहे. मी ती नीट वाचलीही नाही. पडदा काळा झाला आणि मग एक मोठं लाकडी फाटक दिसलं, बंद. समोर तीन माणसं. एक लाल फेट्याचा पहिलवान, एक धनुष्य घेतलेली बाई आणि त्यांच्या मधोमध एक बुटकी, पांढऱ्या केसांची, चष्मा लावलेली म्हातारी, हातात काठी. बाकीच्यांनी स्वतःला हवं तसं घडवलं होतं. हेमानं स्वतःला आहे तसंच ठेवलं होतं. गुडघ्यासकट.

“आरं तिच्या! ह्यो कोण आला?” चौगुल्यांचा आवाज आता माझ्या संगणकातूनही आला आणि बाहेरूनही. “नाव काय ह्याचं? वज्र... वज्रबाहू!”

“हेमाताई, हे कोण आहेत?” नसीमाताई म्हणाल्या. उत्तर आलं नाही, कारण हेमा फोनवर होती.

“सर? सर, तुमी हाय का?”

मला काय दाबून बोलायचं ते माहीत नव्हतं. चौगुल्यांनी ते सांगितलं असणार, मीच लक्ष दिलं नव्हतं. मी उठलो आणि बाहेरच्या खोलीत गेलो. सात पावलं.

हेमानं फोन ठेवला होता. ती खिडकीकडे तोंड करून उभी होती.

“मी आलोय,” मी म्हणालो.

“सहा वाजून गेले.”

“परिशिष्ट तीन नव्हतं त्यात. मी कंपनीला पत्र—”

“अहो,” ती वळून म्हणाली, “मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही पहिल्या पानावर होतात. कडेला तुमच्या खुणा आधीच केलेल्या होत्या. दुसऱ्यांदा वाचत होतात.”

ते खरं होतं. एकसष्टावं पान मी पाच वाजून वीस मिनिटांनी संपवलं होतं. मग गठ्ठा उलटा करून पुन्हा पहिल्यापासून धरला होता. ती ते बघून बाहेर गेली होती, आणि ‘येतायत, थोडंच राहिलंय’ असं त्या दोघांना सांगितलं होतं.

“मला राग नाही,” हेमा म्हणाली. “पुस्तकांत जीव आहे तुमचा. कळतं मला. इतकी वर्षं कळतंय.”

“पुस्तकं नव्हती.”

“मग काय होतं?”

मी तिच्या लॅपटॉपकडे बोट केलं. तिनं चष्मा लावला, वाकली. बंद फाटकासमोर तिच्या म्हातारीच्या शेजारी एक माणूस उभा होता. ताडमाड उंच. रुंद छाती, खांद्यावर लोळणारे काळेभोर केस, दंडाला सोन्याचे पट्टे, कमरेला दोन तलवारी.

“हे कोण?”

“मी.”

तिनं पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी पाच फूट तीन इंच आहे. वयाच्या चाळिसाव्या वर्षापासून डोक्यावर केस नाहीत.

“एवढे उंच?”

“कुणी बघणार नव्हतं ना.”

“आणि हे केस?”

“हेमा.”

“आणि नाव काय तर वज्रबाहू! भाजीची पिशवी दोन्ही हातांनी धरता तुम्ही.”

“मॅडम,” चौगुले लॅपटॉपमधून म्हणाले, “हे आपले सर हैत व्हय?”

हेमानं एक बटण दाबलं. “हो. आमचे हेच आहेत. उशीर झाला त्यांना.” मग बटण सोडून, माझ्याकडे वळून, हळू पण दातओठ खात म्हणाली, “एवढ्यासाठी? ह्या केसांपायी मला तासभर फाटकात उभं केलंत?”

“हो.”

“आणि सोलापूरच्या माणसाला परत पाठवला मी!”

“हो.”

“अहो, चौगुल्यांना कसले लाजता तुम्ही? ते बघा, मिशा बघा त्यांच्या. खऱ्या आहेत का त्या?”

“चौगुल्यांना नाही,” मी म्हणालो. “तुला.”

हेमा खुर्चीवर बसली. चष्मा काढून पदरानं पुसत राहिली. बराच वेळ पुसला. नसीमाताई पलीकडून विचारत होत्या की आता काय करायचं, थांबायचं की जायचं. हेमानं त्यांना जा म्हणून सांगितलं.

“बुधवारी मी जाणारच आहे,” ती मग म्हणाली. “ताईला शब्द दिलाय. आणि जायचंही आहे मला.”

“हं,” मी म्हणालो. मग म्हणालो, “जा. मी स्टँडपर्यंत येतो सोडायला.”

बुधवारी ती गेली, आणि गेली ती चांगले पाच महिने राहिली. मध्ये दोनदा मी बेळगावला जाऊन आलो. कुमुदताईकडे सकाळी सातपासून माणसांचा राबता असतो. मला तिथं कुठं बसावं ते कळायचं नाही, पण बसलो.

त्याच्या आधी, ती गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी, मी साडेचारला फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. रस्त्यानं जाणारे अनोळखी लोक थांबून माझ्या तलवारींची चौकशी करत होते. मला घाम फुटला होता. पावणेपाचला चौगुले आले, मग नसीमाताई. पाचला दोन मिनिटं कमी असताना काठी टेकत ती म्हातारी आली.

फाटक उघडलं. चौगुले आणि नसीमाताई पुढे झाले. मागून आम्ही. जोडघाटाची वाट अरुंद आहे, दरीच्या कडेनं जाते. जोडीतलं एक माणूस पुढे गेलं आणि अंतर वाढलं की दोघंही खाली कोसळतात. पहिल्याच वळणावर मी चार पावलं पुढे गेलो. दगड सुटायला लागले.

“अहो, हळू!” बेळगावहून हेमा ओरडली. चौगुल्यांना, नसीमाताईंना, सगळ्यांना ऐकू गेलं असेल. “पाय लांब केलेत ना एवढे! आता थांबा जरा.”

मी थांबलो. ती शेजारी येईपर्यंत थांबलो, मग तिनं एक पाऊल टाकलं की मी अर्धं टाकायचो, असं करत आम्ही चढायला लागलो.